वकिलातीचे दार

‘वकील’ हा शब्द आज आपण न्यायालयाच्या आवारात ऐकतो. परंतु पेशवाईच्या कागदपत्रांत त्याचा मुख्य अर्थ निराळा होता. दिल्लीच्या दरबारात पुण्याची बाजू मांडणारे हिंगणे हे वकील, आणि निजामाच्या दरबारी राहून तेथील बित्तंबातमी नाना फडणिसांस कळविणारे गोविंदराव काळे हेही वकीलच. परराज्यातील आपल्या प्रतिनिधीच्या कचेरीला मराठीत आजही ‘वकिलात’ म्हणतात, ते या जुन्या अर्थाची आठवण ठेवूनच. मात्र ह्या वकिलांचे अशील एकच होते, ते म्हणजे राज्य. तहाची कलमे, चौथाईची थकबाकी, फौजांच्या हालचाली, हे त्यांचे विषय. परमुलखात नांदावयास गेलेल्या एखाद्या लेकीवर तिच्याच घरात जुलूम होत असेल, तर तिच्यासाठी उभे राहणे हे वकिलाचे काम आहे, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसते. राज्याचा वकील हळूहळू एकेकट्या माणसाचा वकील कसा झाला, आणि अखेर घराच्या उंबरठ्याआड होणाऱ्या छळाची दादही त्याच्या दाराशी कशी येऊन पोहोचली, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

युरोपातही ह्या अधिकाऱ्याची सुरुवात व्यापारातूनच झाली. मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील बंदरांत इटलीतील नगरांचे व्यापारी वस्ती करून राहत आणि आपापसांतील तंटे मिटविण्यासाठी आपल्यातीलच एकास ‘कॉन्सल’ नेमीत. पुढे ही नेमणूक राजसत्तेने आपल्या हाती घेतली. जहाज फुटले, माल जप्त झाला, खलाशी परक्या बंदरात आजारी पडला, म्हणजे कॉन्सलकडे धाव घ्यायची, असा रिवाज पडला. आपण त्याला मराठीत ‘वाणिज्यदूत’ म्हणतो. आज त्याच्या खिडकीशी उभे राहणाऱ्यांत व्यापारी थोडे असतात. विद्यार्थी, मजूर, नोकरदार आणि त्यांच्या बायका अधिक असतात. काम पालटले, नाव मात्र जुनेच राहिले.

पारतंत्र्याच्या काळात हिंदी माणसाला स्वतःचा असा वाणिज्यदूत नव्हताच. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी एकट्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्या धैर्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पण तिचा एक कोपरा आपण सहसा उजेडात आणीत नाही. ज्या गोपाळरावांनी हट्टाने त्यांना शिकविले, त्यांच्याच हातचा मार त्यांनी बालवयात सोसला होता, आणि त्याची आठवण त्यांनी अमेरिकेतून गोपाळरावांनाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत नोंदविली. परदेशात त्यांना आधार मिळाला तो न्यू जर्सीतील कार्पेंटर ह्या परक्या कुटुंबाचा. कोणत्याही सरकारी कचेरीला ह्या मुलीची खबर घेण्याचे कारण नव्हते. एखाद्या भल्या माणसाचे घर उघडे मिळणे, हीच त्या काळची सारी ‘वकिलात’ होती.

आनंदीबाईंना भले घर तरी मिळाले. त्याच शतकात मजुरीच्या करारावर समुद्रापार गेलेल्या हजारो स्त्रियांच्या वाट्याला तेही आले नाही. १८३४ पासून मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी अशा वसाहतींकडे हिंदी मजुरांची जहाजे जाऊ लागली. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आपला मराठीपणा जपून आहेत. बंदरावर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ म्हणजे स्थलांतरितांचा संरक्षक नेमलेला असे. पण त्याचे संरक्षण बहुधा जहाजाच्या शिडीपाशीच संपे. पुढे दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया न्याव्यात असा नियम झाला. ह्या विषम प्रमाणाने बराकींतील संसार कसे झाले असतील, याची कल्पना करवत नाही. गयाना, त्रिनिदाद आणि फिजी येथील सरकारी अहवालांत नवऱ्यांच्या हातून झालेल्या स्त्रियांच्या हत्या हा वारंवार येणारा विषय आहे. मळेवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याचा दोष मजुरांच्या स्वभावाला दिला. मात्र ज्या करारपद्धतीने ही परिस्थिती निर्माण केली, तिला दोष देण्यास ते तयार नव्हते.

हा दोष पद्धतीचाच आहे, असे सरकारच्या तोंडावर सांगणाऱ्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. १९१० साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणला आणि तो मान्य झाला. १९१२ च्या मार्च महिन्यात त्यांनी सर्वच वसाहतींकडील करारबद्ध भरती थांबवावी असा ठराव मांडला. तो मात्र सरकारी बहुमताने फेटाळला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले. करारबद्ध मजुरांची भरती थांबली ती १९१७ साली, आणि ते पाहण्यास गोखले हयात नव्हते. परदेशातील हिंदी माणसाचे सुखदुःख हा हिंदुस्थानच्या सरकारचा विषय आहे, हे तत्त्व मात्र त्यांनी कायमचे रुजविले.

विवाह आणि दोन देशांचे कायदे यांची गाठ पडली म्हणजे स्त्रीची कशी कोंडी होते, याची दोन उदाहरणे याच कालखंडात सापडतात. पहिले आपल्या मुंबईचे. १८८४ साली रखमाबाईंवर त्यांच्या पतीने नांदावयास येण्यासाठी दावा लावला. दाव्याचा तो प्रकार मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला होता. तो येथील बालविवाहाला लावला गेला. १८८७ मध्ये ‘नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा’ असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, आणि पुढे लंडनमध्ये शिकून डॉक्टर होऊन परतल्या. दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. १९१३ च्या मार्चमध्ये केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला की, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्मांप्रमाणे लागलेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही. एका निकालाने हजारो हिंदी स्त्रियांचे पत्नीपण आणि त्यांच्या मुलांचे औरसपण संशयात पडले. कस्तुरबा गांधी आणि इतर अनेक स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या, आणि १९१४ च्या ‘इंडियन रिलीफ ॲक्ट’ने हे विवाह मान्य करणे तेथील सरकारला भाग पडले. कायदा एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा विवेक जातोच असे नाही, हे ह्या दोन्ही प्रसंगांतून दिसते.

यानंतर सरकारचा माणूस प्रत्यक्ष परदेशात जाऊन बसला. १९२२ च्या स्थलांतर कायद्याने परदेशांतील हिंदी लोकांच्या हितरक्षणासाठी प्रतिनिधी नेमण्याची तरतूद केली, आणि सिलोन व मलाया येथे असे प्रतिनिधी गेले. १९२७ च्या केपटाउन करारानंतर दक्षिण आफ्रिकेत पहिले प्रतिनिधी म्हणून श्रीनिवास शास्त्री गेले. पुण्यात गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष राहिलेले. त्याच पदपरंपरेत अखेरीस आपल्या अमरावतीचे रामराव देशमुख १९४५ मध्ये उच्चायुक्त होऊन गेले आणि वंशभेदाच्या निषेधार्थ १९४६ मध्ये परत बोलावले गेले. स्वातंत्र्यानंतर औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ पर्यंत नैरोबीस होते; १९५२ मध्ये बाळासाहेब खेर लंडनला उच्चायुक्त झाले. मराठी माणसाने ही जबाबदारी कशी वाहिली, याचा तो एक स्वतंत्रच अध्याय आहे. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ह्या साऱ्यांचा झगडा परक्या सत्तेशी होता. हिंदी माणसावर अन्याय करणारा कोणी दुसरा आहे, आणि त्याच्याविरुद्ध आपण हिंदी माणसाच्या बाजूने उभे आहोत, असे ते सरळ चित्र होते. अन्याय करणारा आणि सोसणारी दोघेही आपलीच, किंबहुना एकाच घरातली असली तर काय करावे, हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

तो विचारला जाण्यापूर्वी खुद्द परराष्ट्र सेवेलाच स्त्रीविषयी एक धडा घ्यावा लागला. कोडगूच्या चोणिरा बेळियप्पा मुथम्मा १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या काळच्या नियमांनुसार सेवेतील स्त्रीला विवाहासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटले तर तिला राजीनामाही द्यावा लागे. पुरुषाला हा नियम नव्हता. मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ह्या भेदभावाचे कठोर शब्दांत वाभाडे काढले. ज्या सेवेने परदेशातील विवाहित स्त्रीच्या पाठीशी उभे राहावयाचे, तिनेच विवाहित स्त्रीवर अविश्वास दाखवावा, हे विसंगत होते. ती विसंगती एका कन्नड भूमीच्या कन्येने दूर केली.

दरम्यान जगाने वाणिज्यदूताच्या कामाची सनद लिहून काढली होती. २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे वाणिज्यदूतसंबंधांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. १९६७ मध्ये तो अमलात आला आणि १९७७ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपल्या नागरिकांस साहाय्य करणे, त्यांना पारपत्रे देणे, अज्ञान मुलांचे हित जपणे, आणि नागरिक स्वतः हजर राहू शकत नसेल तर न्यायालयात त्याच्या प्रतिनिधित्वाची व्यवस्था करणे, ही कर्तव्ये ह्या कराराच्या पाचव्या कलमात सांगितली आहेत. अटकेतील नागरिकाशी संपर्क ठेवण्याचा हक्क ३६ व्या कलमात आहे. १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव प्रकरणी हेगच्या न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे ते कलम महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाले. पण त्याच करारात ५५ वे कलमही आहे. ज्या देशात आपण आहोत त्याचे कायदे पाळावेत आणि त्याच्या अंतर्गत व्यवहारांत ढवळाढवळ करू नये, असे ते बजावते. वाणिज्यदूताचे सारे सामर्थ्य आणि सारी असहायता ह्या दोन टोकांच्या मध्ये आहे.

आता ह्या इतिहासाचा आजच्या संसाराशी असलेला संबंध पाहू. बंगळूरच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान ती वसली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाव मिळाले. सेक्टरांत आखलेले रस्ते, एका अंगाला अगरा तलाव, पलीकडे कोरमंगल, आणि सर्वत्र संगणकाच्या व्यवसायात असलेली माणसे. बंगळूरला मराठी माणूस नवा नाही. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर येथेच होती. आज पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेली मराठी कुटुंबे अशा वसाहतींत राहतात, आणि त्यांची मुले-मुली येथून सिएटल, टोरांटो, लंडन, दुबई असा पुढचा पल्ला गाठतात. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले, तेव्हा मुंबई-पुण्याचे डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे गेले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. आता तोच ओघ बंगळूरमार्गे वाहतो आहे. कोरमंगल येथे प्रादेशिक पारपत्र कार्यालय आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनेही बंगळुरात आपली वकिलात उघडली. परदेशी जाण्याची वाट अशी आता अंगणातूनच जाते.

ह्या वाटेने जाणाऱ्या बहुतेक मुली सुखाने नांदतात, हे आधी सांगितले पाहिजे. पण ज्यांच्या नशिबी ते नसते त्यांची स्थिती कशी होते? मुलगा पंधरवड्याच्या रजेवर येतो, लग्न लागते, मुलगी नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर जाते. अमेरिकेत अशा पत्नीला दीर्घकाळ नोकरीची मुभाच नव्हती; २०१५ पासून काहीजणींना ती मिळू लागली. पैसा त्याचा, घर त्याच्या नावावर, मोटार चालविण्याचा परवाना त्याच्याजवळ, आणि तिचे पारपत्रही त्याच्याच कपाटात. मग ‘तुझा व्हिसा रद्द करीन’ हे एक वाक्य हातातल्या काठीहून अधिक लागते. छळाचा दुसरा प्रकार याहून शांत आहे. नवरा तिला सुटीसाठी माहेरी आणून सोडतो, तिचे पारपत्र घेऊन एकटाच परत जातो, आणि काही महिन्यांनी परदेशी न्यायालयाची घटस्फोटाची नोटीस बंगळूरच्या पत्त्यावर येते. येथे मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त एक दार बाहेरून लावून घेतलेले आहे.

अशा वेळी वाणिज्यदूत काय करू शकतो? पहिली गोष्ट म्हणजे तो ऐकून घेऊ शकतो आणि तक्रारीची नोंद ठेवू शकतो. २०१५ च्या फेब्रुवारीत परराष्ट्र मंत्रालयाने ‘मदद’ ही तक्रारनोंदणीची व्यवस्था सुरू केली. तिच्यामुळे बंगळुरात बसलेल्या आईवडिलांनाही मुलीच्या वतीने परदेशातील वकिलातीकडे दाद मागता येऊ लागली. दुसरी गोष्ट कागदाची. पारपत्र हिरावले गेले असेल तर वकिलात दुसरे देऊ शकते, किंवा मायदेशी परतण्यापुरते एकेरी प्रवासाचे आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकते. हा लहानसा कागद असतो. पण जिची सारी कैद एका पारपत्रावर उभारलेली आहे तिला तो कागद म्हणजे तुरुंगाची किल्ली वाटावा, यात नवल नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. २००७ मध्ये तत्कालीन प्रवासी भारतीय व्यवहार मंत्रालयाने परदेशस्थ पतींनी टाकलेल्या स्त्रियांना कायदेशीर मदत देण्याची योजना सुरू केली. २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला. वकिलातींतील सेवांवर घेतल्या जाणाऱ्या अल्पशा शुल्कातून तो जमतो, आणि संकटातील नागरिकांचा निवास, औषधोपचार, परतीचे तिकीट यांसाठी खर्ची पडतो. म्हणजे जो विद्यार्थी आपल्या पारपत्राचे नूतनीकरण करतो, तो नकळत एखाद्या अनोळखी बहिणीच्या तिकिटाला हातभार लावीत असतो. २०१७ मध्ये ह्या निधीचे नियम अधिक उदार झाले आणि छळ झालेल्या वा टाकलेल्या पत्नीच्या कायदेशीर खर्चासाठी एका प्रकरणी ४००० डॉलरपर्यंत मदतीची सोय त्यात आली. त्या काळात मंत्रालयातील ह्या विभागाचे सचिव कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले ज्ञानेश्वर मुळे होते. त्याआधी २०१३ ते २०१६ पर्यंत ते न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत होते. मराठी वाचक त्यांना लेखक म्हणूनही ओळखतो.

चौथी गोष्ट ओळखीची. वाणिज्यदूत स्वतः वकील होऊन न्यायालयात उभा राहत नाही. पण चांगला वकील कोण, आसरा कोठे मिळेल, आपली भाषा समजणारे कोण आहे, हे तो सांगू शकतो. ही ओळख उपयोगी पडते याचे श्रेय त्या त्या देशात आपल्याच स्त्रियांनी उभारलेल्या संस्थांना आहे. लंडनमध्ये १९७९ साली ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’, न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली ‘सखी’, आणि कॅलिफोर्नियात १९९१ साली ‘मैत्री’ सुरू झाली. ‘आपल्या समाजात असे काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रतिष्ठितांचा रोष पत्करून ह्या संस्था उभ्या राहिल्या. सरकारी व्यवस्था त्यांच्या पुष्कळ मागून आली.

आता त्याच्या मर्यादा पाहू. वाणिज्यदूत कोणाच्या घरात शिरू शकत नाही, कोणास अटक करू शकत नाही, परक्या न्यायाधीशाला सल्ला देऊ शकत नाही. ज्या स्त्रीने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले तिचा तो वकील उरत नाही, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. २००५ पासून मिळणारे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड हे नावात नागरिकत्व असले तरी कायद्याने नागरिकत्व नव्हे. आणि सर्वांत अवघड मर्यादा अशी की, नवराही भारतीयच आहे. तोही त्याच खिडकीशी उभा राहतो, त्यालाही पारपत्र हवे असते, त्याचीही बाजू ऐकणे भाग असते. १९६७ च्या पारपत्र कायद्याच्या दहाव्या कलमान्वये भारतातील न्यायालयाचे समन्स वा वॉरंट निघालेल्या माणसाचे पारपत्र जप्त करता येते; पण त्यासाठी आधी न्यायालयात प्रकरण उभे राहावे लागते. म्हणून वकिलातीची ताकद शेवटी मायदेशातील कायद्याच्या ताकदीइतकीच असते.

मायदेशाचा कायदा मात्र सावकाश जागा झाला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो विवाह भारतीय कायद्याने लागला तो परदेशी न्यायालयाने त्या कायद्याला अमान्य अशा कारणावरून, पत्नीला बाजू मांडण्याची खरी संधी न देता मोडला, तर तो निवाडा येथे मानला जाणार नाही. १९९४ मध्ये अमेरिकेस गेलेल्या नवऱ्याने टाकलेल्या एका पत्नीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अशा विवाहांसाठी स्वतंत्र कायदा करावा, असे सुचविले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथेही तिला दाद मागू देतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सासर सोडून आलेली स्त्री जेथे आसऱ्याला आली तेथील न्यायालयातही क्रूरतेची तक्रार चालू शकते. हे तत्त्व परदेशातून एचएसआर लेआउटमध्ये आईवडिलांकडे परतलेल्या मुलीच्या फारच उपयोगाचे आहे. तरी परदेशात घडलेल्या अपराधाचा खटला चालविण्यास केंद्र सरकारची संमती लागते, ही अट आहेच. २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी अनिवासी भारतीय कक्ष आहे. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत विधि आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष ऋतुराज अवस्थी हे पूर्वी कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. १९९४ ची सूचना ३० वर्षांनंतरही शिफारशीच्याच रूपात होती, एवढे येथे नोंदविले म्हणजे पुरे.

पदरात मूल असले म्हणजे हा प्रश्न आणखी बिकट होतो. अमेरिकेत जन्मलेले मूल अमेरिकन नागरिक असते. त्याच्या भारतप्रवेशाच्या कागदांसाठी सामान्यतः दोन्ही पालकांची संमती लागते. १९८० चा हेग करार सांगतो की, एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून मूल देशाबाहेर नेले तर ते परत पाठवावे. भारत त्या करारात सामील झालेला नाही. विधि आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावे असे सुचविले होते. पण पुढे झालेल्या विचारविनिमयात असा आक्षेप जोराने मांडला गेला की, मार चुकवून मुलासह माहेरी आलेल्या आईला हा करार पुन्हा त्याच शहरात उभे करील. मुलाला गंभीर धोका असेल तर अपवाद करण्याची तरतूद करारात आहे. पण बंद दाराआडचा धोका सिद्ध कसा करावयाचा? एकीकडे बापाला आपल्या मुलाचे तोंड पाहण्याचा हक्क, दुसरीकडे आईच्या जिवाची काळजी. दोन्ही पारड्यांत वजन आहे, आणि ह्या तराजूपुढे वाणिज्यदूताची लेखणी थबकते ती उगाच नव्हे.

दुसऱ्या देशांनी ह्या कामात काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने २००५ मध्ये परराष्ट्र आणि गृह खात्यांचे मिळून एक स्वतंत्र पथक स्थापन केले. सक्तीच्या विवाहासाठी परदेशी नेलेल्या आपल्या नागरिक मुलींना परत आणणे हे त्याचे काम. त्यांतील बऱ्याच मुलींचे मूळ भारतीय उपखंडातले. म्हणजे आपल्या उपखंडातील गावांतूनही कोणी मुलगी परक्या वकिलातीकडे हाक घालते. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या नवऱ्याच्या छळातून सुटणाऱ्या पत्नीला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याचा हक्क दिला. २००० साली पोलिसांना साहाय्य करणाऱ्या पीडितांसाठी वेगळा व्हिसा निर्माण केला, आणि त्यात नवऱ्याचा दर्जा पाहिला जात नाही. येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले आहे. १९१३ मध्ये परक्या देशाचा कायदा हिंदी पत्नीचे पत्नीपण हिरावून घेत होता, आणि तिच्या माणसांनी तिच्यासाठी सत्याग्रह केला. आज कधी कधी तिच्याच माणसांपासून तिला वाचविण्यास परक्या देशाचा पोलीस प्रथम येतो. म्हणूनच जाणती माणसे सांगतात की, जिवाला धोका असेल तेव्हा पहिला दूरध्वनी तेथील पोलिसांना करावा आणि दुसरा वकिलातीला. कारण पोलीस काही मिनिटांत येऊ शकतो, वकिलात शंभर कोसांवर असते.

आणि तिसरा दूरध्वनी घरी. ह्या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा बहुधा येथेच असतो. ‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण आपल्या जिभेवर फार सहज येते. लग्नाला लाखो रुपये खर्च झालेले, शेजारीपाजारी मुलीच्या परदेशवारीचे कौतुक करीत असलेले. अशा वेळी ‘थोडे दिवस सोस, सारे ठीक होईल’ असे आईच सांगते. ती निर्दय असते म्हणून नव्हे, तर लोक काय म्हणतील याचे भय तिच्याही मानेवर बसलेले असते म्हणून. वाणिज्यदूत सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध घराबाहेर काढू शकत नाही. तिने हाक घालावी लागते, आणि हाक घालण्याचे बळ तिला माहेरच्या शब्दातून येते. विवाहाची रीतसर नोंदणी, पारपत्राची आणि व्हिसाची एक प्रत आईवडिलांजवळ, मुलाच्या नोकरीचा आणि राहण्याचा पत्ता पडताळून घेतलेला, मुलीच्या स्वतःच्या नावाचे बँकखाते, आणि जवळच्या वकिलातीचा क्रमांक तिला पाठ, एवढी शिदोरी तिच्याबरोबर दिली तर ती दागिन्यांहून अधिक कामी येईल.

२०१७ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले ‘विदेश भवन’ उघडले. परराष्ट्र खात्याच्या निरनिराळ्या कचेऱ्या तेथे एका छपराखाली आल्या. पारपत्रही तेथेच आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांचा संरक्षकही तेथेच. हिंगण्यांच्या आणि काळ्यांच्या काळी वकिलात दरबाराच्या दिशेने तोंड करून उभी होती. आज तिचे तोंड रस्त्याकडे आहे, आणि त्या रस्त्याने कधीमधी एखादी मुलगी घाबऱ्या पावलांनी येते. वकिलात म्हणजे माहेर नव्हे. तिने तसे सोंग आणूही नये. तिच्या हाती असते ते थोडे पैसे, एक कागद, एक नोंद आणि चार शब्द. पण गोखल्यांनी जे तत्त्व शतकापूर्वी मांडले त्याची कसोटी आता परक्या सत्तेपुढे लागत नाही. ती ह्या खिडकीशी, ह्या मुलीला उत्तर देताना लागते. आणि ते उत्तर किती लवकर आणि किती मायेने मिळते, यावरून आपल्या स्वातंत्र्याची किंमत समुद्रापलीकडे राहणारी आपली माणसे ठरवीत असतात.